शपथा गाळलेली बाई

ती. राइनाताईस,

यांकोचा नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजींची सिगारेट सुटली का (की सुटल्याचं ते फक्त सांगतात)? मी खुशाल आहे. प्लोवदिवमध्ये कडक ऊन आहे आणि माझी फजिती झाली आहे.

छापखान्यात टाइप जुळवता जुळवता मी संपादक झालो, हे तू पाहिलंच आहेस. ज्यांचं कुणी छापत नाही त्यांचं छापायचं, ही माझी हौस. या खेपेला पेंबेकाकू. जिप्सी वस्तीतली (आपण जिथून निघालो तसलीच), एकतीस वर्षं शहराचे रस्ते झाडले. तिनं सांगितलं, मी लिहून काढलं. आता ही काकू दर वाक्याला ‘मी मरो’ अशी शपथ घेते. मी मरो, त्या दिवशी बर्फ होतं. मी मरो, मुकादमानं माझा झाडू लपवला. इतक्या मरणांनी वाचक दमेल म्हणून मी ती सगळी गाळली (प्रत मोठी देखणी झाली) आणि तिच्या अंगणात बसून वाचून दाखवली. काकू कॉफी विसरून ऐकत राहिली. शेवटी डोळे पुसून म्हणाली, “बिचारी. कोण रे ही?”

“तूच की, काकू.”

“मी? ही तर एकदाही शपथ घेत नाही. हिच्यावर कोण विश्वास ठेवणार? मुकादम म्हणेल, बघा, खोटारडी.”

(आपली आई मीठ कमी पडलंय हेसुद्धा शपथेवर सांगायची, आणि हे मी विसरावं.) शपथा परत घालतो म्हटलं, तरी काकू छापायला सही देईना. “बोलतोस साहेबासारखं, पण मघाशी फाटकात अंगठा सापडला तेव्हा कुठल्या भाषेत बोंबललास? आमच्या वस्तीच्याच ना? तू कुणाचा रे?”

मी आजूबाजूला पाहून हळूच सांगितलं, डेमिर कल्हईवाल्याचा.

“मग तेही पुस्तकात छाप. मी एकटीनंच का उघड्यावर यायचं? नाहीतर राहू दे तुझं पुस्तक.”

पुस्तक तिथंच अडलं आहे. आणि ताई, बाईचं काही चुकत नाही.

तुझा धाकटा,
यांको

ता. क. तुझ्या लग्नात आपण ग्रीक आहोत असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. म्हणून विचारतो, प्रस्तावनेत बाबांचं नाव घालू का? तू नको म्हणालीस तर काकूचं पुस्तक राहून जाईल, पण मी तुझ्यावर रुसणार नाही. (थोडा रुसेन.)

ता. क. २. रविवारी फोनवर भाऊजींना चाचपून पाहिलं. लग्नाच्या पंगतीत एक खरीखुरी ग्रीक म्हातारी माझ्याशी ग्रीक बोलत होती आणि मी नुसता हसत होतो, तेव्हाच त्यांना कळलं म्हणे. तू अवघडशील म्हणून चौतीस वर्षं बोलले नाहीत. तू सांगशील तेव्हा ते पुष्कळ आश्चर्य दाखवणार आहेत. आरशासमोर सराव चालू आहे. दाखवू दे.