मामाकडे गेलेली विमल

चांदा, ज्येष्ठातली एकादशी, १९५४

आज देवळात पालकांची बैठक झाली. शहराच्या तटाच्या, परकोटाच्या आतल्या मिडल स्कूलमध्ये विषयवार मास्तर, आमच्याकडे बाहेर चार वर्गांना एकच. पण तिथे आत राहणाऱ्यांनाच आधी घेतात.

शेजारच्या सरूबाई सगळ्यांत मोठ्यानं म्हणाल्या, "आपली पोरं जातीन तर सोबतच जातीन!"

मग त्यांची विमल शाळा उघडायच्या तोंडावर मामाकडे काऊन गेली? मामा राहतो परकोटाच्या आत.

विचारलं, तर म्हणे, "मामीले बरं नाई, बाई."

मामी सकाळीच देवळात दिसली, चांगली धडधाकट! उपासाच्या दिवशी कुणाबद्दल वाईट मनात आणू नये. पण मामाकडे?

घरी आल्यावर हे हळूच म्हणाले, "तुझा भाऊ आतच राह्यते ना?"

आमच्या कुसुमचे कपडे मी दुपारीच बांधून ठेवलेत.