ते इंजिन दानाचं नव्हतं

बाई,

काल शाळेच्या कार्यक्रमात आपल्या मोटारीच्या इंजिनाला स्टेजवरून 'दान' म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. डोकं फिरवून घ्यायचं माझं वय राहिलेलं नाही, डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवून दिली आहे. पण काही शब्द असे असतात की ते ऐकून जो गप्प बसला त्याला रात्रीचं जेवण गोड लागू नये. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की त्या हॉलमध्ये तुम्हाला पाहिलेलं माझ्याशिवाय कोणी दिसलं नाही. म्हणजे त्या इंजिनाची खरी हकिकत सांगणारी आता मीच उरले. ती आधी तुम्हालाच सांगते. तुमच्या बाजूची तुम्हाला ठाऊक आहे, पण मोटारीतल्या मागच्या बाकावरची कुठे ठाऊक आहे?

तेव्हा मध्य भारताचं राज्य होतं. आम्ही इंदूरच्या परदेशीपुऱ्यात राहायचो, वडील कापडमिलमध्ये कारकून. मुलींची मराठी शाळा शहराच्या दुसऱ्या अंगाला, मध्ये सगळा बाजार, आणि मिलच्या वस्तीतला एकही बाप वयात आलेल्या मुलीला एवढं पायी पाठवायला तयार नव्हता. तुम्ही शाळेत विज्ञान आणि गृहशास्त्र शिकवायचात आणि रविवारी आमच्या चाळींतून हिंडून एकेका बापाशी वाद घालायचात. माझे वडील एकदा वैतागून म्हणाले, "हे पहा बाई, दारातून नेणार आणि दारात आणून सोडणार, असा काही बंदोबस्त असेल तर बोला. नाहीतर बेकार बहस नको." त्यांना वाटलं, ब्याद टळली. तुम्ही शाळेच्या कमिटीचं डोकं खाऊन खाऊन एक कोरी मोटार घ्यायला लावलीत, मागे समोरासमोर बाकं असलेली. वडिलांना शब्द पाळावा लागला. मोटार आहे तोवर शाळा, असं आमच्या घरी ठरलं, आणि ते मला रोज ताटावर ऐकवलं जायचं.

मोटार आली त्या दिवशी शाळेच्या अंगणात पूजा झाली. ती विकणारे सेठजी स्वतः आले होते, पेढ्यांचा पुडा घेऊन. गुरुजींनी चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मग त्यांना काय सुचलं कोण जाणे! म्हणाले, नुसत्या पत्र्याची पूजा कसली, यंत्राचं दर्शन घडवा. बॉनेट उघडलं. गुरुजींनी पळीभर पंचामृत इंजिनावर शिंपडलं, सेठजींनी हात जोडले, आम्ही मुलींनी टाळ्या वाजवल्या. इंजिनाला पंचामृत वाहणारी माणसं आपलीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती पळीभर भक्ती पुढे आमच्या गळ्याशी आली.

गॅरंटीची मुदत संपायला अजून अवकाश होता. एका सकाळी मिलच्या फाटकाजवळ मोटारीने पांढरा धूर सोडला आणि ती जागच्या जागी थांबली. ड्रायव्हरने तेल पाहायची सळई ओढून काढली. तिला काळं तेल नव्हतं, दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी होतं. "इंजिन थंड ठेवायचं पाणी तेलात उतरतंय," तो म्हणाला, "इंजिनाचं डोकं, हेडच खराब आलंय." मोटार ओढत सेठजींच्या तोपखाना भागातल्या शोरूमवर नेली, निरोप मिळून तुम्ही आणि कमिटीचे अध्यक्ष तिथे आलात, आणि आम्ही मुली दप्तरं छातीशी धरून मागे उभ्या. सेठजींच्या इंजिनीअरसाहेबांनी सळई नाकाशी नेली आणि निकाल दिला, "दूध है." सेठजी खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "बाईजी, गॅरंटी कंपनी के फॉल्ट की होती है, पंचामृत की नहीं. आप लोगों ने पूजा में इंजन को दूध पिला दिया, अब हम क्या करें?" शोरूममधले सगळे हसले. तुम्ही म्हणालात, "पण तेलाचं झाकण तर बंद होतं. दूध आत गेलं कुठून?" सेठजी म्हणाले, "वो तो भगवान जाने." आणि आपले अध्यक्ष, ज्यांनी तुमच्या बाजूने बोलायचं, ते खाली बघून पुटपुटले, "शिंपडलं तर होतं खरं." मला त्या दिवशी सेठजींपेक्षा त्यांचा राग जास्त आला.

घरी वडील म्हणाले, "चला, झंझट मिटली. गाडी होती म्हणून हो म्हटलं होतं. गाडी नाही, शाळा नाही." देवासचं एक स्थळ त्यांच्या मनात आधीपासूनच होतं, ते आता बोलण्यात आलं. मुलगा तिथल्या कचेरीत लागलेला, घरची शेती, मागणं काही नाही. आई भाकरी थापता थापता माझ्याकडे बघायची आणि पुन्हा तव्याकडे बघायची. मी चुलीपाशी बसून कांदे चिरत होते आणि माझं भूगोलाचं पुस्तक ताकाच्या मडक्यावर झाकण म्हणून गेलं होतं. परदेशीपुऱ्यातल्या बाकीच्या मुलींचंही हेच चाललं होतं. एका इंजिनाने आम्हा सगळ्यांची शाळा धरून ठेवली होती, आणि ते इंजिन तोपखान्यात उघडं पडलं होतं.

मग तुम्ही आमच्या दारात आलात, टांगा घेऊन. वडिलांना म्हणालात, "प्रात्यक्षिकाचा तास आहे. दारातून नेते, दारात सोडते." स्वतःचेच शब्द अंगावर आल्यावर वडील दारातून बाजूला झाले. टांग्यात आमच्या वस्तीतल्या मुली दाटीवाटीने बसल्या होत्या आणि तुमच्या पायाशी शाळेचा स्टोव्ह, दोन लोखंडी कढया आणि एक झाकलेला तांब्या. कुठे जातोय ते तुम्ही सांगितलं नाहीत. टांगा शाळेकडे न वळता तोपखान्याकडे वळला.

इंजिनीअरसाहेबांनी स्टोव्ह आत आणू दिला नाही, तर तुम्ही शोरूमच्या पायरीवर पदर खोचून बसलात आणि तो पेटवलात. मोटार आपली, म्हणून तिच्यातलं ते दुधी तेल मागून एका कढईत घेतलंत. दुसरीत त्यांच्याच डब्यातलं चांगलं तेल घेऊन त्यात तांब्यातलं पंचामृत ओतलंत, दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं यथासांग. बघ्यांची गर्दी जमली. कोणीतरी विचारलं, "क्या तल रहे हो भिया?" तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघितलंत. "तू सांग. तूप कशाने कढवतात?" आदल्याच पावसाळ्यात मी वर्गात अख्खं पातेलंभर तूप करपवलं होतं आणि तुम्ही सगळ्यांदेखत माझी हजेरी घेतली होती. मी म्हटलं, "कानांनी, बाई." "मग कान लाव."

मी कान लावला. पहिली कढई तडतडू लागली, लोणी कढवताना तडतडतं अगदी तशी. तडतड चालली, चालली, मंदावली आणि थांबली. दुधी रंग गेला होता. काळंभोर, स्वच्छ तेल. तुम्ही ते निथळून दुसऱ्या डब्यात ओतलंत आणि कढईचा तळ दारातून आतल्या सेठजींकडे धरलात. तळाला काही नव्हतं. मग दुसरी कढई ठेवलीत. ती फसफसली, उतू आली, आणि करपलेल्या दुधासाखरेचा असा वास सुटला की समोरचा पानवाला नाक धरून आत गेला. तेल ओतून काढल्यावर तळाला काळी, चिकट बेरी. तुम्ही ती उलथन्याने खरवडलीत. "सेठजी, घी तो आपके घर में भी बनता होगा. दूध हो तो नीचे यह रहता है. आपके इंजन में सिर्फ पानी था. और पानी हमने नहीं डाला, आपके हेड में से उतरा है." ज्या माणसाने दुधाचा निकाल नाकाने दिला होता, त्याने आता खिशातून रुमाल काढला.

आम्हाला वाटलं, जिंकलो. सेठजी कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते उठून बाहेर आले, हात जोडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाईजी, बच्चियों के लिए मेरी तरफ से नया हेड. दान समझ लीजिए. पुण्य का काम है." बघ्यांनी वाहवा केली. मी तर मनातल्या मनात उडीच मारली. मोटार सुरू होणार, देवासवाले घरी बसणार, यापलीकडे मला काही दिसत नव्हतं. आणि तुम्ही म्हणालात, "नाही."

तुमचं ते हिंदी मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं. "सेठजी, दान की बछिया के दाँत नहीं गिने जाते. और मुझे तो दाँत गिनने हैं. मुझे गॅरंटी चाहिए." बस्स. स्टोव्हची हवा सोडलीत आणि आम्हाला टांग्यात बसवलंत. मी रडायला लागले. म्हटलं, "घेऊन टाका ना बाई! दान काय नि गॅरंटी काय, गाडी तर चालेल!" तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही माझ्या दप्तराचा पट्टा सरळ केलात आणि म्हणालात, "आज दान घेतलं तर उद्या पुन्हा बिघडल्यावर विचारायचं कुणाला? दान देणारा म्हणेल, एकदा दिलं ना? मग तुझे वडील पुन्हा तेच म्हणतील. मला तुझी शाळा कुणाच्या मर्जीवर ठेवायची नाही." मला पटलं नाही. पण अंगात बळ आल्यासारखं झालं, हे खरं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा पायरीवर. आता शाळेजवळ राहणाऱ्या मुलींचा वर्ग, तोच स्टोव्ह, त्याच कढया. तिसऱ्या दिवशी त्याच्यावरचा वर्ग. कमिटीचे लोक धावत आले, "बाई, तमाशा चाललाय, शाळेची बदनामी होतेय, सेठजी देतायत तर घ्या की." तुम्ही म्हणालात, "अभ्यासक्रमातला धडा आहे, सगळ्या वर्गांचा व्हायचा आहे." दिवस उन्हाळ्याचे. राजधानी उन्हाळ्यापुरती ग्वाल्हेरहून इंदूरला आलेली, मंत्री, अधिकारी, त्यांचे मेहुणे, सगळे मोटारी बघायला तोपखान्यात, आणि दारात करपलेल्या दुधाचा वास. शेवटी महूच्या छावणीतून आलेले एक फौजी साहेब गाडी बघता बघता बाहेर आले, तुम्हाला विचारलं, सगळं ऐकून घेतलं, आणि आत जाऊन सेठजींना एवढंच म्हणाले, "आपकी गॅरंटी में क्या-क्या आता है, पहले वही बता दीजिए." त्या संध्याकाळी, हेड गॅरंटीत बदलून देतो, असा तुम्हाला निरोप गेला. तरी तुम्ही मोटार गुपचूप ताब्यात घेतली नाहीत. आम्हा मुलींना पुन्हा टांग्यातून नेलंत आणि सेठजींना आमच्यासमोर म्हणायला लावलंत. ते म्हणाले, चेहरा आंबट करून, पण म्हणाले, "गॅरंटी में किया है."

सोमवारी आमच्या बोळात हॉर्न वाजला. वडील दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "जा आता, उभी काय राहिलीस?" मी गेले. मॅट्रिक झाले, पुढेही शिकले, वीज मंडळात नोकरी केली, लग्न माझ्या वेळेला केलं. ती मोटार पुढे एकदा बिघडली आणि मुदतीत होती म्हणून पुन्हा गॅरंटीतच दुरुस्त झाली, कोणाला हात जोडावे लागले नाहीत. कमिटीने तुम्हाला मात्र सोडलं नाही. मुख्याध्यापिकेची खुर्ची तुमच्यासमोरून दुसऱ्यांना दिली. तुम्ही कधी त्याबद्दल बोलला नाहीत. मी बोलते. ते लोक भित्रे होते, आणि आता हॉलच्या भिंतीवर हार घालून त्यांचेच फोटो लावले आहेत. तुमचा नाही.

आणि काल त्याच हॉलमध्ये सेठजींच्या नातवाचा सत्कार. त्यांचं शोरूम आता विजय नगरला आहे, सगळं काचेचं. निवेदिका म्हणाली, "इनके दादाजी ने बेटियों की शिक्षा के लिए मोटर का इंजन दान दिया था." टाळ्या. माझं नाव पुढे होतं, सर्वांत जुनी विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोलायला. मी काठी टेकत गेले आणि म्हटलं, "ते दान नव्हतं. गॅरंटी थी. आमच्या बाईंनी पायरीवर बसून, स्टोव्ह पेटवून, भांडून घेतली. दान आम्ही नाकारलं होतं." कोणीतरी मागून म्हणालं, "अरे, आजी को बिठाओ." मी म्हटलं, आजी नंतर बसेल. आणि सगळं सांगितलं, बेरीसकट. हॉलमधल्या मुली हसल्या. पुढच्या रांगेतली एक उभी राहून मोठ्याने विचारत होती, त्या बाईंचा फोटो कुठे आहे. आताच्या अध्यक्षांना तिच्याकडे बघावं लागलं. त्यांनी लावू म्हटलं आहे. नाही लावला तर मी पुन्हा जाणार.

नातू बिचारा भला निघाला. खाली येऊन पायाला हात लावला, म्हणाला, "दादी, हमें तो घर में यही बताया था." आणि जुन्या विद्यार्थिनींसाठी त्याने आणलेल्या शालींतली एक माझ्या खांद्यावर घातली. हात झटकून परत द्यायला हवी होती. इतकं बोलल्यावर तर द्यायलाच हवी होती. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही तेच बरं, कारण तुम्ही वाचलंत तर पहिला प्रश्न शालीबद्दलच विचाराल. चांगली लोकरीची आहे, बाई. अंगावर घेऊनच लिहिते आहे.