तीन तोंडांचा सर्व्हर

२३ मार्च, रविवार
ही वही घेऊन चार महिने झाले. आज पहिली ओळ. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर वही सापडेना. मग तगाझूतच्या किनाऱ्यावर सर्फिंगला लाटा चांगल्या होत्या. असो. आजपासून रोज.

२४ मार्च
नोकरी! साफी बंदरातल्या, तारली मासे डब्यात भरणाऱ्या कारखान्यात. इल्हामताई तिथे कागदपत्रं बघते. तिनेच मालकांना, म्हणजे हाज मुख्तारना, सांगितलं की माझ्या भावाला कॉम्प्युटरचं सगळं येतं. (सगळं म्हणजे सायबर कॅफेत दीड वर्ष.) डब्यांच्या वजनाच्या पावत्या स्पेनला, विगोच्या व्यापाऱ्यांना पाठवायच्या. पावती पोचल्याशिवाय ते कंटेनर जहाजावर चढवू देत नाहीत. आजवर ताई एकेक मेल करायची. आता मी सर्व्हर बसवणार.
ताई म्हणाली, हे बघ अन्वर, शब्द मी टाकलाय. फसलं तर माझ्या खुर्चीत मालकांचा भाचा बसेल. म्हटलं, निर्धास्त राहा, एप्रिलपासून तुला कामच उरणार नाही. तिने खुर्ची टेबलाजवळ घट्ट ओढून घेतली. का, कळलं नाही.

२६ मार्च
वजनकाटा जुना, त्याला फाइल पाठवायची फक्त जुनी, उघडी पद्धत कळते, एफटीपी. विगोवाल्यांना एसएफटीपीशिवाय, म्हणजे तिच्या कुलूपबंद बहिणीशिवाय, चालत नाही. साठवण अर्धी ऑफिसच्या डिस्कवर, अर्धी क्लाउडवर. कुणाचं कुणाशी पटत नाही, मध्ये मी. आजच जोडणार होतो, पण सर्व्हरला नाव हवं. दिवस नावात गेला. गरुड.

२९ मार्च, इफ्तारनंतर
जोडलं!! काट्यावरून पावती निघाली ती थेट विगोत. पुढे माझी स्वतःची अक्कल: पावतीवरच्या वेळेला तास उलटला की गरुडाने ती पुसून टाकायची. डिस्क, क्लाउड, सगळीकडून. मगच पुढचा गठ्ठा पाठवायचा. जागा वाचते. हरीरा सूपचे तीन वाडगे प्यायलो.

३० मार्च – ६ एप्रिल
ईद. लिहिलं नाही. सणाचं कोण लिहितं.

७ एप्रिल, सोमवार
रमजान संपला, महिनाभर मागे ठेवलेली घड्याळं काल सरकारने पुन्हा तासभर पुढे केली. गरुडाचं घड्याळ आपोआप पुढे गेलं. हुशार! काट्यावर बसून प्रत्येक वजन वहीतही उतरवणारे ब्राहिमकाका मात्र म्हणाले, सरकारचं सरकारपाशी, आपण जुन्या वेळेवर. म्हातारी माणसं. हसलो.

८ एप्रिल
गरुडाचं फोल्डर आरशासारखं स्वच्छ. एक पावती तुंबलेली नाही. चारलाच समुद्रावर गेलो.

९ एप्रिल
विगोहून पिलारबाईंचा मेल: सोमवारपासून एकही पावती नाही, जहाज शुक्रवारी सुटतंय. कळवलं, दोष तुमच्याकडे आहे, मशीन तपासा. तीनदा कळवलं. तिसऱ्यांदा जाड अक्षरांत. ताईने विचारलं, काही गडबड आहे का रे? म्हटलं, स्पॅनिश लोक, दुसरं काय.

१० एप्रिल, सकाळ
काट्यावर चहाला गेलो. काकांना विचारलं, वाजले किती? म्हणाले, नऊ. माझ्या मोबाइलवर दहा. विचारलं, काका, या काट्याचं घड्याळ कोण लावतं? म्हणाले, मीच, बाळा. रमजानमध्ये अख्खा देश माझ्या वेळेवर येतो, ईद झाली की परत बिघडतो.
म्हणजे सोमवारपासून प्रत्येक पावती जन्मतःच तासाभराची म्हातारी. आणि गरुडाने इमानदारीत एकेक गिळली. पाठवण्याआधीच.
चूक तांत्रिक स्वरूपाची आहे. हे वाक्य चार वेळा लिहून पाहिलं. बरं दिसतं.

११.१०
ताईला सांगितलं. वाक्य अर्ध्यातच राहिलं. ओरडली नाही. फक्त म्हणाली, माझ्या टेबलावरची ती कुंडी तू उचल, बाकीचं मला दोन हातांत मावेल. मालक नमाज आटोपून आले की सांगते त्यांना.
कुंडी उचलली. जड आहे.

११.४०
फाटकावरून निरोप आला. विगोच्या पिलारबाई स्वतः आल्यात, विमानतळावरून थेट. ब्राहिमकाकांच्या हाताने लिहिलेल्या वहीतून पावत्या उतरवून घेणार म्हणतात, जहाज चुकू देणार नाहीत. ताई धावत खाली गेली. पण बाईंना आधी जाड अक्षरांत लिहिणारा माणूस बघायचाय, आणि ताई खालून माझ्याच खिडकीकडे बोट दाखवतेय.