बीजराक्षसिणीची मालमत्ता

मी, डॉ. सुवर्णा सावळीराम गायधनी, वय वर्षे ७४, अविवाहित, निवृत्त द्राक्ष-संशोधक, राहणार गंगापूर रोड, नाशिक, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि बऱ्यापैकी रागात असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. राग म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, असा दाखला माझ्या डॉक्टर तृप्ती यांनी दिला आहे. दाखल्याआधी तिने विचारले, "काकू, महिना कोणता चालू आहे?" मी म्हटले, "डिसेंबर. तुझ्या भिंतीवर मात्र अजून ऑक्टोबर लटकतोय." तिने कॅलेंडरची दोन पाने फाडली आणि मुकाट्याने सही केली.

१. २०१८ साली केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सर्व काही माझा भाचा रोहित, म्हणजे माझ्या कै. धाकट्या भावाचा मुलगा, याच्या नावे होते. रद्द करण्याचे कारण असे की रोहितने 'बीजराक्षसीण' नावाचा विज्ञानपट काढला, आणि त्यातली राक्षसीण मी आहे.

२. हा माझा भ्रम नाही. सिनेमा सन २०९० मध्ये घडतो. डॉ. करालिका नावाची जनुकशास्त्रज्ञ माणसांच्या अंगातले नकार देण्याचे जनुक काढून टाकते, म्हणजे मग सगळे तिचे ऐकतात. नकार देण्याचे असे एकच जनुक नसते. असते, तर माझ्या अंगात त्याच्या दोन ठणठणीत प्रती सापडल्या असत्या. ही बाई बोलण्याआधी अंगठीने टेबलावर तीनदा टकटक करते, समोरच्याला "पाठ सरळ" म्हणते आणि ओठांना काळा रंग लावते. टकटक माझी, पाठ माझ्या कॉन्व्हेंट शाळेची. काळा रंग मात्र रोहितच्या कल्पनेतला. मी चाळीस वर्षे चिखलात स्लिपर घालून काम केले. तिच्या प्रयोगशाळेत प्रत्येक नळीतून धूर निघतो. प्रयोगशाळेत नळीतून धूर निघाला की प्रयोग बिघडला असे आम्ही समजत होतो.

रोहितने फोन करून सांगितले होते, "आत्या, तुझ्यासाठी चार तिकिटं ठेवलीत, मधली रांग." मी तीन मैत्रिणींना घेऊन गेले. मध्यंतरात समोसा खाता खाता यमू म्हणाली, "सुवर्णा, अगं ही तर तूच! फक्त केस बरे आहेत." तिघी इतक्या हसल्या की पुढच्या रांगेने वळून पाहिले. यमूला माझा इडलीचा कुकर मिळणार होता. आता मिळणार नाही.

३. राहता फ्लॅट, तिसरा मजला, गच्चीच्या गळतीसह, याची व्यवस्था कलम ७ मध्ये पाहावी. सोसायटीच्या सचिवांना माझ्याकडून काहीही नाही. गळतीबद्दल मी त्यांना अकरा पत्रे लिहिली, त्यांच्या प्रती निळ्या फायलीत आहेत. ती फाईल त्यांना सप्रेम भेट.

४. माझा सूक्ष्मदर्शक माझी भाची स्नेहल हिला. ती एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात इंजिनियर आहे, तिला त्याचा उपयोग नाही. पण घरात ती एकटीच भिंग पुसताना त्याच्यावर फुंकर मारत नाही. छाटणीची कात्री, जर्मन, एकोणचाळीस वर्षे वापरलेली, माझी विद्यार्थिनी आणि आता वकील असलेली योगिनी हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. वकिलीत कात्री लागतेच.

५. हे कलम लिहायला मला नऊ दिवस लागले. कॉन्व्हेंटमध्ये शुक्रवारी ख्रिश्चन मुली कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, जात. आम्हा हिंदू मुलींना त्या लाकडी खोलीत प्रवेश नव्हता, आणि मला तिचे फार आकर्षण होते. शेवटी प्रवेश मिळाला तो असा, स्टॅम्प पेपरवर.

'बीजराक्षसीण'च्या उत्तरार्धात एक आदिवासी म्हातारी करालिकेच्या दारात येते आणि विचारते, "माझी चिंधी कुठं गेली?" करालिका वर न पाहता म्हणते, "वाऱ्याने गेली असेल." मग पडद्यावर तिच्या कपाटातली काचेची बरणी दिसते आणि बरणीत ती चिंधी. लोकांनी करालिकेला शिव्या घातल्या. माझ्या हातातला समोसा तसाच राहिला.

कारण 'वाऱ्याने गेली असेल' हे वाक्य माझे आहे. रोहितने एक अक्षरही बदललेले नाही.

१९९१ साली निफाड तालुक्यातल्या आमच्या संशोधन बागेत कामाला पेठहून टोळी यायची. पावसाळा संपला की यायची, पुढच्या पावसाआधी परत जायची. त्यात कुसाबाई मंगळू भोये होती. द्राक्षाच्या वेलीवर क्वचित एखादी काडी आपणहून बदलते. बाकी वेल जुनीच, ती एक काडी नवी. तिला लांब मणी येतील, लवकर पिकतील, काहीही होईल. पण एप्रिलच्या छाटणीत सगळ्याच काड्या जातात, आणि ओळखणारा नसेल तर तीही जाते. त्या वर्षी घड तोडताना कुसाबाईने अशी काडी ओळखली. तिने लुगड्याच्या जांभळ्या काठाची चिंधी फाडून काडीला बांधली आणि मला म्हणाली, "बाई, ही येगळी हाय. हिला कापू देऊ नका."

मी त्या रांगेतून आठवड्यातून दोनदा जात होते. मला ती दिसली नव्हती.

मी त्या काडीचे डोळे, म्हणजे कोंब, घेतले, कलमे केली, सहा वर्षे चाचण्या केल्या. ते सगळे काम माझे आहे, आणि ते मी चांगले केले. 'सुवर्णा-सात' आज नाशिकच्या कितीतरी बागांत आहे. पण माझ्या शोधनिबंधाचे पहिले वाक्य असे: "बागेच्या नियमित पाहणीत लेखिकेस ही काडी आढळली." ती लेखिकेस आढळली नाही. लेखिकेस चिंधी आढळली. ती काडीवरून सोडवून मी दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवली, वर तारीख घातली आणि खणात टाकली. करालिका निदान बरणी तरी वापरते.

त्याच ऑक्टोबरच्या छाटणीला टोळी परत आली. कुसाबाई सरळ त्या वेलीपाशी गेली आणि तिने मला विचारले, "बाई, माझी चिंधी कुठं गेली?" मी अंगठीने वहीवर टकटक केली आणि ते वाक्य म्हटले. बांधावर दिवाळीच्या सुट्टीला आलेला आठ वर्षांचा रोहित चिवडा खात बसला होता. मला वाटले, तो चिवडा खातो आहे.

६. सिनेमा पाहून आल्यावर मी त्याला फोन केला.

"आत्या, ती तू नाहीस गं. ते पात्र आहे."

"मग चिंधी?"

तो म्हणाला, "त्या दिवशी अजिबात वारा नव्हता, आत्या. माझ्या हातातला कागदसुद्धा हलत नव्हता. चौतीस वर्षं मी तुला विचारायचं म्हणतोय. धीर झाला नाही, म्हणून सिनेमा काढला."

"सव्वादोन तासांचा?"

"तू मधे बोलू शकणार नव्हतीस ना."

मी फोन आपटला. त्याच तिरीमिरीत या मृत्युपत्राचा पहिला मसुदा झाला. त्यात रोहितला फक्त गळती होती. कुसाबाईसाठी मी लिहिले होते: माझ्या पश्चात चिंधी, या वाणासाठी मला मिळालेले रौप्यपदक आणि शोधाचे श्रेय तिला द्यावे. मसुदा योगिनीने वाचला आणि चष्मा काढला.

"मॅडम, कुसाबाईंचं वय काय?"

"ऐंशी."

"आणि तुम्ही त्यांना तुम्ही गेल्यावर देणार. म्हणजे आधी कोण जातंय, याची त्यांनी वाट बघायची."

माझ्या हाताखाली शिकलेली माणसे मला असे बोलतात. शिकवण चांगली झाली म्हणायची.

तेव्हा ते कलम मी खोडले आणि जिवंतपणीच कामाला लागले. संशोधन केंद्राला व नियतकालिकाला दुरुस्तीचे पत्र लिहिले की ही काडी श्रीमती कुसाबाई मंगळू भोये यांनी ओळखली व राखली. त्यांचे नाव प्रथम घालावे. पुढील नोंदीत वाणाचे नाव 'कुसा' असावे. नियतकालिकाने होकार दिला आहे. केंद्राकडून "बाब विचाराधीन आहे" असे उत्तर आले. ती माझ्या मरणापर्यंत विचाराधीनच राहिली, तर योगिनीने त्यांच्या दारात बसावे. ती चिवट आहे. माझ्या फंडाचा अर्धा भाग कुसाबाईच्या खात्यावर वळता केला आहे. आकडा इथे लिहीत नाही, तो तिचा आहे.

७. फ्लॅट व उरलेले सर्व रोहित आणि स्नेहल यांना समसमान. रोहितच्या वाट्याला अटी आहेत. तो दुसरा भाग काढतो आहे असे ऐकते. त्यात (अ) नळ्यांतून धूर निघू नये. (आ) करालिकेने पिपेट पेन्सिलीसारखी धरू नये. (इ) पहिल्या भागाच्या शेवटी ती ॲसिडच्या हौदात पडताना दाखवली आहे, तिला तिथून बाहेर काढावे. तिला एका ठिकाणी जायचे आहे. ते कुठले, हे रोहितला माहीत आहे, कारण गाडी त्यानेच चालवली.

इडलीचा कुकर पुन्हा यमूच्या नावे केला आहे. केस बरे होते, हे खरे.

८. हे शेवटचे कलम मी पेठ तालुक्यात, कुसाबाईच्या ओट्यावर बसून लिहिते आहे; साक्षीसाठी तृप्तीही बरोबर आली आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळणार नसावे, असा योगिनीचा आग्रह. कुसाबाईचे तिला हातात देऊन झाले आहे. या कागदात तिच्यासाठी काहीच उरलेले नाही, म्हणून साक्षीला तिच्याइतकी योग्य व्यक्ती मला दुसरी सापडत नाही.

मी सगळे सांगितले. इंग्रजी शाळेत शिकवतात तसे, पाठ सरळ ठेवून. ती सूप हातात धरून नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होती, थांबली नाही. सगळे ऐकून तिने विचारले, "नाव काय ठेवलं व्हतं तिचं?"

"सुवर्णा."

"तुमचंच?"

"हो."

"गोड हाय का?"

"खूप."

"मंग मी बोलले नव्हते, येगळी हाय म्हून?"

पदक तिने हातात तोलून पाहिले आणि नातीला दिले. नातीने ते लगेच गळ्यात घातले आणि शेजारी दाखवायला पळाली. मग मी काचपट्ट्या उघडून चिंधी तिच्या तळहातावर ठेवली. जांभळा रंग उडून राखाडी झाला आहे, गाठीची घडी मात्र तशीच आहे. कुसाबाईने ती उलटीपालटी करून पाहिली, मनगटाला गुंडाळली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "वारा लय सावकाश आला, बाई."

रोहित अंगणात तोंड फिरवून हसत होता. मीही हसले. मग तिने सूप बाजूला ठेवले, हात लुगड्याला पुसले आणि पेन मागितले. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती सही शिकली आहे. अंगठा उठवायला तिने साफ नकार दिला.

वरील मजकूर मी वाचला, साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: सुवर्णा सावळीराम गायधनी

साक्षीदार १: कुसाबाई मंगळू भोये, वय ८०, काडी ओळखणारी
साक्षीदार २: डॉ. तृप्ती, कॅलेंडर आता डिसेंबरवर

स्थळ: कुसाबाई भोये यांचा ओटा, ता. पेठ, जि. नाशिक
दिनांक: ५ डिसेंबर २०२५, दुपार, मंद वारा