सातव्या दिवशी मिटलेली तक्रार

महागाव

प्रिय वामन,

रागात आहे, म्हणून ख्यालीखुशाली विचारत नाही. तुझी कादंबरी या आठवड्यात पुन्हा वाचली. पुसदच्या कॉलेजात असताना तू लिहिलेली, चाळीस वर्षांनंतरच्या गावाची थट्टा करणारी. त्या गावात नळाला पाणी नसतं, पण रोज सकाळी भोंग्यावरून लोकांना सांगतात, पाणी मिळालं, अभिनंदन! होस्टेलच्या खोलीत तू पानं वाचून दाखवायचास आणि मी हसून लोळायचो. या खेपेला एकदाही हसू आलं नाही.

आमच्या गल्लीतला नळ मार्चपासून कोरडा आहे. मोबाइलवरून तक्रार केली. सातव्या दिवशी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.' पुन्हा केली, पुन्हा तेच. मग थेट कार्यालयात गेलो. टेबलामागे वैष्णवी, माझीच विद्यार्थिनी. मला पाहून उठून उभी राहिली. म्हणाली, "सर, कंप्युटरमधी तुमच्या घरी पाणी येऊन राह्यलं. मी काय करू?" मी तिच्यावर ओरडलो. तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या पोरावर ओरडलो नसेन, इतका. ती रडवेली झाली. मलाच लाज वाटली, निघून आलो.

त्याच दुपारी टँकरपाशी रेटारेटीत तुझी वहिनी इंदू पडली. खुबा मोडला. यवतमाळला ऑपरेशन झालं, आता घरी पलंगावर आहे. मलाच समजावते, "कायले चिडता? आपल्या एकट्याच्याच घरी नाही थोडी!" याचाच जास्त संताप येतो. तुझ्या कादंबरीतली माणसंही अशीच समजूतदार होती. कादंबरी मी इंदूच्या उशाशी बसूनच वाचली.

काल वैष्णवी तिला भेटायला आली. जाताना एक परिपत्रक माझ्या हातात ठेवून गेली. सात दिवसांत कारवाई झाली नाही तरी तक्रार निकाली निघाली असे समजावे, हे त्याचं चौथं कलम. खाली मुंबईच्या साहेबांची सही. वामन, ती तुझी आहे. एकतीस तारखेला तू निवृत्त होतोस, सत्काराची पत्रिका मिळाली. मी येणार नाही. पण त्याआधी ते कलम काढ. तुझ्या एकट्याच्या हातात नसेल, तर काढावं असं निदान फाइलवर लिही. तुला लिहिता येतं, हे मला ठाऊक आहे.

रागावलेला, तरी तुझाच,
नागोराव