सायलेंट ४७

थेरोंडा, ता. अलिबाग
बुधवार, ११ मार्च २०२६

चि. प्रज्योत यास आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरा असशील असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, नाहीतर तू बरा आहेस हे मला ठाऊकच आहे. फक्त घसा बसलाय तुझा. ओरडणं कमी कर आणि सकाळी गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या कर.

पत्र बघून हसशील. हस. माझा, बाबांचा, नामाकाकाचा, त्याच्या प्राप्तीचा, घरातला एकूण एक नंबर तू सात महिने ब्लॉक करून ठेवलास, मग माणसाने करायचं काय? शेजारच्या नीराबाईचा पियूष तुझ्याच गोदामात कामाला आहे. शिमग्याला आला होता, उद्या सकाळच्या एसटीने कळंबोलीला परत जातोय. त्याच्या हाती देतेय. वाटेत उघडून वाचलंस तर तंगडी मोडीन, असं बजावलंय त्याला.

शिमग्याला सगळ्यांची पोरं आली. सुरतेहून आली, पुण्याहून आली. तू शंभर किलोमीटरवर बसून आला नाहीस. बाबा दोन दिवस बोटीला रंग लावत बसले. रंग दिवाळीतच लावून झाला होता.

आता मुद्द्याचं. तुझ्या त्या बंदुकांच्या गेमबद्दल मला चार शब्द सुनावायचे आहेत आणि तू मध्ये तोंड घालायचं नाहीस. पत्रात घालताही येत नाही, तेवढा एक फायदा.

पहिली गोष्ट नावांची. आईबापाने बारशाला पाहुणे बोलावून, पेढे वाटून नाव ठेवायचं आणि तुम्ही तिकडे जाऊन काय म्हणवून घेता? घोस्ट भाई. टॉक्सिक राजा. नो मर्सी ओपी. हे ओपी म्हणजे काय ते प्राप्तीला विचारलं, तर म्हणाली, "काकी, ओपी म्हंजे एकदम भारी." आपणच आपल्याला भारी म्हणायचं आणि चौथ्या मिनिटाला पालथं पडायचं! नाव मोठं लक्षण खोटं. आणि तू कोण, तर डार्क नाखवा. बोटीवर कधी मन रमलं नाही, मालकाचं नाव मात्र बरं लावतोस.

दुसरी गोष्ट भाषेची. नूब काय, बॉट काय, रश काय, पुश काय. जो कुणी चुकतो त्याला नूब म्हणायचं, म्हणजे काही न येणारा. अरे, आईच्या पोटातून बंदूक घेऊन कोण येतं? आणि ते कॅम्पर! एका जागी दबा धरून बसणाऱ्याला तुम्ही सगळे मिळून अशा शिव्या देता की जणू त्याने देवळातली घंटा चोरली. मला ते अजिबात पटत नाही. आपल्या सात पिढ्या डोल लावून बसल्या. जाळं सोडायचं, गप बसायचं, ओहोटीबरोबर मासळी आपणहून आत येते. मासळीमागे धावत सुटलेला कोळी मी तरी बघितला नाही. बसून मारलं तर ते मारणं कमी होतं काय?

तिसरी गोष्ट शिव्यांची. हे लिहायलाही मला लाज वाटते, पण बोलताना तुम्हाला वाटत नाही. गोळी मारतो एक, मरतो दुसरा, आणि शिवी खाते ती त्याची आई! त्या बिचारीने काय केलं? ती कुठेतरी भात शिजवत असेल. दर दोन मिनिटांनी कुणाच्या तरी आईला तुम्ही त्या मैदानात ओढून आणता. मी तर हात टेकले.

आता तू म्हणशील, आईला हे सगळं कुठून कळलं. प्राप्तीने सांगितलं असेल, असं वाटेल तुला.

प्राप्तीने नाही सांगितलं. चार महिने मी तुझ्या टीममध्ये आहे. सायलेंट ४७ म्हणजे मी. घे, लिहून टाकलं एकदाचं.

पत्र फेकू नकोस, पुढे वाच. दिवाळी झाली तरी तुझा पत्ता नाही, तेव्हा मी प्राप्तीपुढे रडले. ती म्हणाली, "दादा फोन उचलत न्हाय, पन गेमात रोज असतो. काकी, तुमी गेमात या." तिने आपला जुना फोन मला दिला आणि तिथे माझी आयडी काढली. मला मैना हेच नाव हवं होतं. ते आधीच कुणीतरी घेतलेलं. मैना १, मैना २, सगळ्या मैना गेलेल्या. शेवटी तिनेच सायलेंट लिहिलं, कारण माइक बंद ठेवायचा होता, आणि पुढे माझं वय. तुझ्या त्या घोस्ट भाईला वाटतं, ते एके-४७ बंदुकीवरून ठेवलंय. तुम्हाला तेव्हा चौथा माणूस कमी पडत होता, म्हणून तू मला घेतलंस. काही विचारलंही नाहीस.

पहिल्याच दिवशी मी भिंतीत तोंड घालून उभी राहिले, मला वळताच येईना. आणि तू ओरडलास, "अरे तुझ्या आयला, फोर्टीसेव्हन!" माझा तर जीवच गेला. वाटलं, ओळखलंस.

पण तू शिकवलंससुद्धा. ते मी विसरणार नाही. बाकीचे मला काढून टाक म्हणत होते, तू म्हणालास, "नया है, सीखेगा." कुठे लपायचं, पावलांचा आवाज कसा ऐकायचा, सगळं सांगितलंस. मी गोळी लागून नॉक झाले, गुडघ्यावर आले, की तू धावत येऊन बाजूला बसायचास आणि मला उठवायचास. एकदा तर मला उठवता उठवता तूच मेलास. मग मी ते आभाराचं बटण दाबायचे आणि कुणी परका बाप्या माझ्या वतीने इंग्रजीत "थँक्स" म्हणायचा. चार महिने मी तुझ्याशी त्या बाप्याच्या तोंडून बोलतेय. मला तेवढंच बोलता येत होतं.

एकदा घोस्ट भाई माझ्यावर चिडून म्हणाला, "अलिबाग से आया है क्या?" आणि तू हसलास. थेरोंड्याचं पोर, आणि त्या वाक्याला हसलास! त्याचा राग मात्र मी अजून गिळलेला नाही.

दुपारी मी बोंबील राखायला बसते. बांबूंवर बोंबील वाळत असतात आणि मी खाली गोणपाट टाकून तुमच्यात असते. जानेवारीत एका रविवारी तुम्ही शेवटच्या दहांत होता. तू म्हणालास, "फोर्टीसेव्हन, हिलू नको," म्हणून मी हलले नाही. कानात फोनची ती बोंडं घातलेली. नीराबाई पार जेट्टीपासून बोंबलत येत होती, "अगो मैने, कावले बोंबील नेतान न तू काय बगतंस?" मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. तिने येऊन खांदा हलवला तेव्हा दोन रांगा साफ झाल्या होत्या आणि तिसरीत कुत्रं शिरलं होतं.

बाबा आले, बघितलं, आणि मला म्हणाले, "आता तुजा फोन कोनी फेकाचा?" म्हणाले आणि हसले. मला नाही हसू आलं. मी घरात जाऊन पडून राहिले.

कारण हाक ऐकू येत नाही, प्रज्योत. खरोखर येत नाही. तू घर सोडलंस त्या दिवशी बोटीवर तुला राखणीला बसवलं होतं. जाळं पाण्यात होतं, मोठी बोट आडवी आली तर बावटा दाखवून ओरडायचं, एवढंच तुझं काम होतं. तू खेळत होतास, बाबा हाका मारत होते आणि ती बोट अर्धं जाळं कापून घेऊन गेली. मी पाच महिने सगळ्यांना सांगत होते की पोराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तसं नव्हतं ते. हे मला बोंबील गेल्यावर कळलं.

जेट्टीवर बाबा म्हणत होते, "जालं काय, परत शिवता येल. त्याला कशाला बोलतंस?" फोन तुझ्या हातातून मी घेतला आणि मी दर्यात फेकला. लोक बाबांचं नाव घेतात आणि ते ऐकून घेतात. मीही कुणाला खरं सांगितलं नाही.

फोनचं एक वेळ जाऊ दे. त्याच्या पुढे मी जे बोलले ते लिहायचं टाळत इथवर आले. आपल्यात माणूस दर्यावर असला की घरातली बाई अभद्र बोलत नाही. भांडी जोरात आपटत नाही, गेला म्हणत नाही. माझ्या सासूने मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हे शिकवलं आणि सव्वीस वर्षं मी ते पाळलं. आणि त्या दिवशी अख्ख्या कोळीवाड्यासमोर पोटच्या पोराला मी म्हटलं, जाळ्याच्या जागी दर्याने तुलाच नेलं असतं तर बरं झालं असतं.

तू त्याच संध्याकाळच्या एसटीने गेलास.

आता गेल्या रविवारचं. खेळ सुरू व्हायच्या आधी आपण चौघे रांगेत उभे होतो. बाबा माझ्या शेजारी बसले होते. हल्ली ते दुपारी येतात, "दे गो एक," म्हणतात आणि एक बोंड कानात घालून तुझा आवाज ऐकत बसतात. शिव्यासुद्धा कौतुकाने ऐकतात. तू सांगितलंस की मस्कतची नोकरी लागली, पंचवीस तारखेला विमान आहे, दोन वर्षांचा करार आहे. आम्हाला हे असं कळलं. तुझ्या बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

मग घोस्ट भाईने विचारलं, "मम्मी रोएगी नहीं?"

आणि तू म्हणालास, "मम्मी नहीं है. ऑफ हो गई."

त्यांच्यातला एक जण म्हणाला, सॉरी भाई. आणि मी तुझ्या शेजारी उभी होते, हिरवं हेल्मेट घालून, बाप्याच्या अंगात. मला काहीतरी करायचं होतं. माइकचं बटण कुठे आहे ते मला कधी कळलंच नव्हतं. चाचपडताना भलतंच काहीतरी दाबलं गेलं आणि माझा तो बाप्या कंबर हलवून नाचायला लागला. थांबवता येईना मला. तू ओरडलास, "शरम कर, मेरी माँ मर गई और तू नाच रहा है?" आणि मला टीममधून काढून टाकलंस.

तुझं काही चुकलं नाही. दुसरं कुणी असतं तर मीच त्याला चपलेने मारलं असतं. बाबांनी कानातलं बोंड काढून माझ्या हातावर ठेवलं आणि खाली किनाऱ्यावर गेले. अंधार पडल्यावर परत आले. जेवले नाहीत.

तीन दिवस मला तुझ्यावर इतका राग होता की हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. जिवंत आईला मारतोस? फोन करायला नको, एवढ्यासाठी? असं काय काय लिहिलं होतं त्यात. मग आज सकाळी मासळी निवडताना डोक्यात आलं की आधी मी तुला मारलं होतं, आणि तेही मोठ्याने, चारचौघांत. तू निदान परक्यांत बोललास आणि माझ्या माघारी. माझ्या माघारी असं तुला वाटत होतं. चुकले मी, बाळा. नुसतं रागात बोलले असं म्हणून मला सुटका करून घ्यायची नाही. बोलायला नको होतं.

मस्कतला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. जा. खोलीवर स्वयंपाक करून खा. बोटीवर ये असंही म्हणत नाही, बाबाही म्हणत नाहीत. पण पंचवीसच्या आधी एकदा घरी ये. एक दिवस ये, एक तास ये. बाबांना तोंड दाखव, माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस.

आणि तेही जमणार नसेल तर येत्या रविवारी, पंधरा तारखेला, दुपारी दोन वाजता मी तुला रिक्वेस्ट पाठवीन. ती घे. प्राप्तीने माइकचं बटण दाखवलंय, त्याच्यावर मी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. तुला त्या पोरांसमोर माझी लाज वाटेल, ते मला मान्य आहे. चिडवतील तुला वर्षभर. पण त्यांना एवढं सांग की आई मेलेली नाही, आम्ही भांडलो होतो.

वाट बघतेय.

तुझी,
जिवंत असलेली आई,
मैना