अंगणाची ओल

काकती
ता. ६ मे १९७८

चि. सौ. बाळाबाईस आप्पाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या सासूबाईंचं म्हणणं मला मान्य आहे. गेल्या श्रावणात तुझी आई ज्या अंगणात शेवाळावर घसरून पडली आणि पुन्हा उठलीच नाही, तिथे सातव्या महिन्यातली सून पाठवायला कोंडाबाईंना धडकी भरणारच. मृगाच्या आत फरशी पक्की करून घ्या, नाहीतर पहिलं बाळंतपण निपाणीतच, हे त्यांनी स्पष्ट कळवलं ते बरं झालं. तुझ्या देखभालीला अंबुआत्या येऊन राहणार आहे.

भरमू गवंड्यानं सांध्यांतली माती खरवडून सिमेंट भरलं आणि दगडांना टाकी लावून खरबरीत केलं. आता वरून गरम जवसाचं तेल पाजायचं, म्हणजे पाणी मुरत नाही आणि शेवाळ धरत नाही. पण दगड आतून वाळलेला पाहिजे. त्यासाठी तो संध्याकाळी परात पालथी घालून जातो आणि सकाळी ऊन वर आल्यावर उचलतो. रोज परातीच्या पोटाला घाम! वळीव पडून दहा दिवस झाले, तरी. विहिरीचा झरा खालून फुटला असेल असं त्याला वाटतं. मास्तर, तुमच्या अंगणाला लई तहान हाय, म्हणून हसलाही. मी हसलो की नाही, आठवत नाही.

माझं ठीक चाललं आहे. पाचला उठतो, सडा घालतो, चहा करतो, पेपर येईपर्यंत पायरीवर बसतो. शाळेत पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की त्याच ठेक्यावर पोरांकडून कविता म्हणून घ्यायचो. आता पहिली ओळ येते, दुसरी येत नाही. दुःख म्हणावं तर तेही होत नाही. हात अंगाखाली दबून बधिर व्हावा, तसं काहीतरी.

लोभ आहेच. त्यातला थोडा पोटातल्या बाळाला दे.

तुझा,
आप्पा


निपाणी
ता. ११ मे १९७८

ती. आप्पांस बाळाबाईचा सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा एका ओळीवर अडकले आणि शेगडीवरचं दूध उतू गेलं. त्यावरून बोलणीही खाल्ली.

आप्पा, सडा घालतो म्हणजे काय? तुम्ही? आई होती तोवर घरात बादली कुठे असते, ते तरी तुम्हाला ठाऊक होतं का? आई रोज दोन बादल्या शिंपडायची. तुम्हीही तेवढंच शिंपडत असाल, तर झरा विहिरीत नाही, तुमच्या हातात आहे. भरमूला उगीच विहीर उपसायला लावू नका.

सासूबाईंना सांगितलं. आधी पोट धरून हसल्या, मग बाप्या माणूस नऊ महिने सडा घालतोय व्हय, म्हणाल्या आणि चूल सोडून परसात गेल्या. पण तेल लागल्याबिगर सून न्हाय, हे परत येऊन सांगायला विसरल्या नाहीत.

तीन दिवस बादलीला हात लावू नका. जमेल ना? इथे दारोदार तंबाखूचा वास, अन्न पोटात ठरत नाही. मला घरी यायचंय, आप्पा.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
बाळा


काकती
ता. १९ मे १९७८

चि. सौ. बाळाबाईस अ. उ. आ. वि. वि.

तू पकडलंस. सुतकाचे दिवस सडा नव्हता. ते संपल्यावर बादली माझ्या हातात कशी आली, सांगता येत नाही. पालथ्या परातीभोवतीसुद्धा मी शिंपडत होतो. भरमू येईतो वरचं पाणी वाळलेलं असायचं. त्याला सगळं सांगितलं. यावेळी तो हसला नाही.

पहिल्या सकाळी बादली भरली आणि तशीच ठेवली. दुसऱ्या सकाळी भरलीच नाही. तिसऱ्या सकाळी शेजारच्या जयाबाई फाटकात येऊन उभ्या राहिल्या, पण आत येईनात. तीन दिस झालं दारात सडा न्हाय, मास्तर, कुणाचं काय झालंया का, असं दबक्या आवाजात विचारलं.

मी तुझ्या आईचं नाव घेऊन म्हणालो, व्हय, आमची तानीबाई गेली.

मी पायरीवर बसलो. नऊ महिन्यांत जे झालं नव्हतं ते झालं, एवढंच लिहितो. जयाबाईंनी आमच्याच माठातलं पाणी आणून दिलं आणि मी पिईपर्यंत उभ्या राहिल्या.

परात कोरडी निघाली. भरमूनं तेलाचे दोन हात दिले. आज मुद्दाम तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. दगडावर थेंब थेंब उभं राहिलं आणि उतारानं निघून गेलं. मी अनवाणी चार फेऱ्या मारल्या, पाय सरकत नाही. हे कोंडाबाईंना वाचून दाखव.

सोमवारी पहिल्या गाडीनं तुला न्यायला येतो. आता सडा घालायला हरकत नाही, असं भरमू सांगून गेला आहे. निघण्याआधी मी घालीन. बादली कुठे असते, ते मला आता ठाऊक आहे.

भेटीपर्यंत लोभ जपून ठेव.

तुझा,
आप्पा